उघाडीच्या चार फळ्या

बाळारामाबद्दल चांगलं बोलनारी मानसं लय भेटतील. पार पनवेलपतूर भेटतील. त्यांच्याकडं जा. माझ्याकडं आलात तर मी मला ठाव हाय तेवढंच सांगीन.

ज्याच्या चुकीनं माझा मालक मेला तो हा मानूस. आता खाडीच्या काठाला मानूस पान्यात जातो, ते काय नवं न्हाय. पन हा बाळाराम पुढं पास्टर झाला आनि तीस-पस्तीस वर्सं गावोगाव सांगत फिरला, की कुनीतरी मरनं गरजेचं व्हतं. येशूचं मरन गरजेचं व्हतं, आनि ते लोकांना समजावं म्हनून मंग माझ्या मालकाची गोष्ट. दर टायमाला. बाया डोळं पुसायच्या. मी माझ्या पडवीत बसून तांदूळ निवडत आयकायची, कारन त्याच्या प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडचा भोंगा माझ्याच दिशेनं लावलेला.

दिसायला बारीक. गळ्यापतूर बटन लावलेला पांढरा सदरा, वैशाखात पन. पायात काळं बूट, चकचकीत. पन बूट काढलं की पाय आमचंच. मिठागरात नि चिखलात जन्म गेलेलं, टाचांना भेगा, भेगांत पांढरं. बुटानं लपतंय काय? काळं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी काखेत. कुनाच्याबी घरी गेला तरी आत येत नसे. उंबऱ्यावर बसायचा, अर्धा आत अर्धा बाहेर, आनि बोलता बोलता चौकटीवर हात फिरवायचा. खाली-वर, खाली-वर. खाच शोधल्यासारखा. कोरा चहा लागायचा. आनि विषय कायबी निघो, त्याचं एक बोलनं ठरलेलं:

"मधी कुनीतरी उभं ऱ्हावं लागतं, वयनी."

वयनी बोलायचा मला. मी आदी त्याला भावजी बोलायची. त्या दिवसापासून नुसतं बाळाराम.

आमचा गाव खाडीला लागून. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मधी मातीचा बांध. बांधाला एका जागी दगडी दार ठेवलेलं, त्याला उघाडी बोलतात. ओहोटीला ते मोकळं ठेवायचं, शेतातलं पानी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आदी दगडातल्या खाचांत चार फळ्या टाकायच्या, एकावर एक. म्हंजे खाडीचं खारं पानी आत येत न्हाय. एकदा आलं की पीक गेलं, आनि जमीन दोन-तीन वर्सं रुसली. काम एवढंच. पन ज्याच्याकडं ते काम, त्याच्या हातात गाव.

तवा ते बाळारामाकडं व्हतं. बावीस-तेवीसचा असंल. बाप न्हाय, आई आंधळी, म्हनून गावानं त्याला ते काम दिलेलं. माझ्या मालकाचा जोडीदार. आमच्याच पडवीत जेवायचा, आनि "वयनी, तुमच्या हातची सुकट खाल्ली की घरची आई आठवत न्हाय" असं बोलून आईच्या शिव्या खायचा. हसरा व्हता. ते पन सांगायला पायजे.

कार्तिकातली पुनव उलटून एक दिवस झालेला. तुळशीची लग्नं झालेली, मानसांच्या लग्नांना सुरवात. शेतात भात कापून आडवं पडलेलं, अख्ख्या गावाचं. बाळारामानं सकाळच्या ओहोटीला उघाडी मोकळी केली, शेतातली वल सुकावी म्हनून. फळ्या बांधावर रचून ठेवल्या. आनि शेजारच्या गावात हळदीला गेला. हळद संध्याकाळची, पन आमच्यात प्यायला सकाळपासूनच बसतात. भरती साडेबाराची. त्याला ठाव व्हतं. लहान पोराला पन ठाव असतं.

माझा मालक शेतात भारे बांधत व्हता. मी आमच्या पोरीला, दोन वर्सांच्या सुमनला, झोळीत टाकून बाजूलाच. त्यानं बघितलं की नाल्याचं पानी उलटं चाललंय. भारा टाकला नि धावला. "बाळ्या, अरे बाळ्या!" करत. बाळ्या कुठं असनार.

मंग एकटाच उतरला. वाहत्या पान्यात फळी बसवायची म्हंजे तीन मानसांचं काम. तीन बसवल्या त्यानं. चौथी बसंना, पानी उचलून टाकायचं. ती पाठीनं दाबून धरली. कवापतूर धरली कुनाला ठाव न्हाय. मी गावातनं मानसं घेऊन पोचले तवा आत पानी यायचं थांबलेलं. चौथी फळी खाचेत बसलेली. वरनं बांधाची माती ढासळलेली आनि तिच्याखाली तो.

भात वाचलं. सगळ्यांचं वाचलं. त्या वर्साला आमच्या गावात लग्नं जोरात झाली.

हवालदार आला. पंचनामा. "बाई, नवऱ्याचं नाव सांग."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाय. लग्नाच्या दिवशी दार अडवून बाया घ्यायला लावतात, तेवढंच. मी घेतलं न्हाय. तो समोर झाकून ठेवलेला, आनि आता नाव घेऊ? त्यानं परत इचारलं. मी खाली मान. तेवढ्यात बाळाराम आलेला, तोंडाला वास येत व्हता, डोळं लाल. तो मधी उभा ऱ्हायला नि बोलला, "हसुराम नाव, साहेब."

"फळ्या टाकायचं काम कुनाचं?"

"हसुरामच बघायचा आज," बाळाराम बोलला. मंग वर जोडलं, "घेतली व्हती त्यानं थोडी ताडी. शुद्धीत मानूस उतरंल काय, साहेब?"

पन्नास मानसं उभी व्हती. कुनी तोंड उघडलं न्हाय. नंतर एक म्हातारा मला येऊन बोलला, "मेलेला गेला, बाय. जित्याला कशाला अडकवायचा? त्याची आई आंधळी हाय." गावाचा असाच न्याय. आनि मी? मी तवाच बोलायला पायजे व्हतं. पन नाव घ्यायचं नव्हतं म्हनून गप्प बसले, आनि बसले ती बसलेच. कागदावर लिवलं गेलं: दारूच्या नशेत. माझ्या मालकानं लग्नात पन थेंब घेतला नव्हता. पित्त व्हायचं त्याला.

म्हयन्याभरात बाळाराम आईला मामाकडं सोडून कुठं गेला ते कळलं न्हाय. मी मिठागरात कामाला लागले. घमेल्यानं मीठ वाहायचं, पायाची कातडी जायची, परत यायची. ते सांगन्यासारखं न्हाय, सगळ्याच बाया करायच्या. सांगन्यासारखं एवढंच, की सुमन शाळेत गेली तर पोरं बोलायची, "ताडीवाल्याची पोर." तिच्या लग्नात सासू बोलली, "बाप कसा मेला ते ठाव हाय आम्हाला, तरी घेतो." तरी घेतो! मी ओटीचं ताट हातात धरून उभी व्हते. ते खाली ठेवलं न्हाय, एवढंच.

पाच-सहा वर्सांनी बाळाराम उगवला. पांढरा सदरा, बूट, पिशवी. दारू सुटली व्हती म्हने. मुंबईला कुठं फुटपाथवर पडलेला, तिथनं कुना प्रार्थनेवाल्यांनी उचलला.

पयल्यांदा आला तो नेमका गावदेवीच्या जत्रेच्या दिवशी. मी दारात मानाचा कोंबडा सोलत व्हते. उंबऱ्यावर बसला, चौकटीवर हात, खाली-वर.

"वयनी, देवाला असला कोंबडा लागत न्हाय."

"मला लागतो. उद्या वशाट खायाला."

"तसं न्हाय. पाप फिटायला रक्त लागतं, हे खरं हाय. तुमचं-आमचं जुनं लोक बरोबरच बोलायचं. पन कोंबड्या-बकऱ्याच्या रक्तानं पुरं पडत न्हाय. म्हनून देवानं आपला पोरगा दिला. एकदाच. सगळ्यांसाठी."

मी पिसं काढत ऱ्हायले. मंग बोलले, "म्हंजे तू आमच्या देवीला हसतोस का ती कोंबडा मागते म्हनून. आनि तुझ्या देवाचं कोंबड्यावर भागंना, त्याला पोटचा पोर लागला. गावदेवी बरी की रं."

त्याला वाटलं मी थट्टा करते. हसला. मी करत नव्हते.

"फळ्या कुनी टाकायच्या व्हत्या, बाळाराम?" मी इचारलं.

त्याचा हात चौकटीवर थांबला. "ते मी त्याच्यासमोर कबूल केलंय, वयनी. त्यानं माफ केलं."

"कुनासमोर?"

त्यानं बोट वर केलं. मी कोंबड्याची मान पिशवीत टाकली. वरच्याला कबूल केलं. वरचा काय हवालदार हाय? वरच्याला तर आदीच ठाव. तो काय सुमनच्या शाळेत येऊन सांगनार हाय?

हे त्याचं पयलं. रक्ताचं. पुढं दुसरं आलं.

पावसाळ्यात लावनीला मी शेतात उतरले तर हा आदीच उतरलेला, सदरा काढून, माझ्या खाचरात. आठ वर्सं त्यानं माझी लावनी केली, फुकट. मी नको बोलले न्हाय. दोन हातांचं काम चार हातांनी व्हत असंल तर मी कशाला नको बोलू? पन पानी दिलं न्हाय. भाकरी दिली न्हाय. शेतात आलेल्याला उपाशी ठेवायचं न्हाय, ही आमच्यात रीत. ती मी मोडली आठ वर्सं. सुमन चोरून तांब्या ठेवायची बांधाकडेला. मी बघायची, गप्प बसायची. एकदा मात्र तांब्या मी पायानं उलटा केला. ते पन सांगते.

तर त्या लावनीत वाकून वाकून तो मला समजवायचा. "शिक्षा माझी व्हती, वयनी. भोगली त्यानं. माझ्या जागी तो उभा ऱ्हायला."

"कोन? तुझा येशू का माझा मालक?"

"दोघं पन."

"मंग तू सुटलास."

"सुटलो."

"बरं झालं. ज्यानं केलं तो सुटला, ज्यानं न्हाय केलं तो मेला. आनि ह्याला न्याय बोलतात. हवालदारानं पन हेच केलेलं रं, त्याला कुनी पास्टर न्हाय बोलला."

त्यानं रोपं चिखलात खुपसली, वर बघितलं न्हाय. त्या ओळीतली रोपं सगळी वाकडी लागली. पुढच्या दिवशी मी ती काढून परत लावली.

आता त्याची एक खोड सांगते. त्यानं आमचं सगळं सोडलेलं. होळीला येत नसे, जत्रेचा प्रसाद घेत नसे, सत्यनारायनाच्या घरावरून पन मान खाली घालून जायचा. पन तिथी सोडली नव्हती. रस्त्यात भेटला की राम राम न्हाय, जय न्हाय, पयलं वाक्य: "आज पंचमी, चारला भरती." कुनी इचारो न इचारो. लग्नाला निघालेल्याला, इष्टीची वाट बघनाऱ्याला, मयताच्या घरी बसलेल्याला. पोरं चिडवायची, "पास्टर, आज काय?" आनि हा भोळ्यासारखा सांगायचा. मी एकदा बोलले, "तुझ्या पुस्तकात तिथी हाय का रं?"

"चंद्र पन त्यानंच केलाय, वयनी." मंग जरा जवळ येऊन, जसं काय गुपित, "त्यांचा तो मरनाचा शुक्रवार हाय ना, तो दर वर्साला पुनवेच्या आसपासच येतो. म्हंजे तो मेला तवा पन उधानाचंच दिवस. भर दुपार. आपल्या हसुरामासारखं."

"पुनव दर म्हयन्याला येते," मी बोलले. "दर म्हयन्याला मानूस मरायला पायजे मंग."

आनि एवढी भरतीची याद असलेला मानूस बांधावर मात्र पाय ठेवत नसे. बांधावरून पलीकडच्या गावाला दहा मिनटं. हा सायकल घेऊन रस्त्यानं वळसा घालून जायचा, पाऊन तास. पावसात पन. त्याची मंडळी बोलायची, पास्टर व्यायाम करतात.

तिसरी गोष्ट जिताड्याची. जिताडा म्हंजे आमच्या खाडीतला राजा, मोठा मासा, पावन्याला घालायचा. एकदा हातभर जिताडा घेऊन आला, केळीच्या पानात गुंडाळून. उंबऱ्यावर ठेवला.

"वयनी, मी चुकीचं सांगत व्हतो तुम्हाला. शिक्षेचं सोडा. असं बघा. मरन म्हंजे हा जिताडा. सगळ्यांना गिळायचा. कुनी त्याला धरू शकत नव्हतं. मंग देवानं गळ टाकला. मरनानं येशूला गिळला, नेहमीसारखा. आनि आतून गळ लागला! तिसऱ्या दिवशी मरनच वर ओढून काढलं. त्यानं मरनाला फसवलं, वयनी. आता मरनाची ताकद ऱ्हायली न्हाय."

डोळं नुसतं चमकत व्हतं त्याचं. खरं सांगू तर त्यातल्या त्यात हीच गोष्ट मला बरी वाटली. गळाची गोष्ट खाडीवाल्याला कळते. मी जिताड्याच्या तोंडात बोट घालून बघितलं, गळाची जखम ताजी व्हती.

"गळाला काय लावलंवतंस?"

"जिवंत कोळंबी."

"तिला इचारलेलं?"

तो केळीचं पान उगाच सारखं करत बसला.

"गळ टाकनाऱ्याची गोष्ट सांगतोस, माशाची सांगतोस. कोळंबीची कुनी सांगत न्हाय. जा आता."

जिताडा मी ठेवून घेतला. दोन दिवस कालवन पुरलं. मासा कुनाच्याबी हातचा असो, गोड तो गोड.

मंग त्याची शेड झाली, भोंगा आला, आनि चौथं सुरू झालं. आता रक्त न्हाय, शिक्षा न्हाय, गळ न्हाय. आता बोलायला लागला की येशू मेला तो आपल्याला प्रेम शिकवायला. मेल्याबिगर आपल्याला कळलं नसतं. आनि लगेच: "ह्याच गावात हसुराम नावाचा एक मानूस व्हऊन गेला. उधान आलेलं. उघाडी मोकळी. तो उतरला, आनि त्यानं आपली पाठ फळीला लावली. सगळं गाव वाचलं. सांगा, त्याचं मरन गरजेचं नव्हतं काय?" आनि लोकं बोलायची, "व्हतं!"

उघाडी मोकळी. असं बोलायचा. जसं काय ती आपली आपन मोकळी झाली. वाऱ्यानं.

ज्याचं नाव मी लग्नात एकदा घेतलं, ते हा भोंग्यावर घ्यायचा, आठवड्यातनं दोनदा. सगळं सांगायचा: पाठ लावली, माती पडली, भात वाचलं. दोन गोष्टी तेवढ्या ऱ्हायच्या. फळ्या कुनाच्या व्हत्या, आनि ताडी कोन प्यायला व्हता. मला बाकी काय नको व्हतं. ना त्याची लावनी, ना मासा, ना त्याचा सरग. तेवढ्या दोन गोष्टी त्यानं त्याच भोंग्यावर बोलायच्या. तसं मी त्याला कितीदा तोंडावर सांगितलं. दर टायमाला तो बोट वर करायचा.

चार-पाच वर्सांमागं बांध फुटला. आता दुरुस्तीला कोन येतो? पोरं उरनला कंटेनरच्या गाड्यांवर. शेतीत कुनाला राम वाटत न्हाय. एका उधानाला खांड पडली, दुसऱ्याला ती रस्त्याएवढी झाली. आता जिथं आमचं भात व्हतं तिथं तिवरांची झाडं उगवलीत, आनि बगळं फिरतात. ज्या भातासाठी तो मेला, ते भात पिकवनारी जमीन पन गेली. मी रडले न्हाय. जमीन काय, येते जाते. दर्याचीच व्हती.

पन गेल्या फाल्गुनात सुमनच्या पोरीला बघायला आलेली मंडळी. शिकलेली, गाडीतनं उतरलेली. पोराचा काका चहा पिता पिता बोलतो कसा, "हिचे आजोबा म्हंजे ते ताडी पिऊन उघाडीत बुडाले तेच काय?" हसून बोलला. वाईट मनानं न्हाय. त्याला काय, एक जुनी गंमत. सुमन चुलीकडं गेली. नातीनं माझ्याकडं बघितलं.

तिसरी पिढी. मी बसल्या जाग्याला ठरवलं.

त्यांच्या मरनाच्या शुक्रवारी मी पयल्यांदा बाळारामाच्या शेडमधी गेले. भर दुपार. शंभरेक मानसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. बाया चांगल्या व्हत्या, एकीनं मला पंख्याखाली जागा दिली, पानी दिलं. मी घेतलं. त्यांच्याशी माझं भांडन न्हाय. बाळाराम पुढं उभा, पासष्टीला टेकलेला, आवाज बारीक झालेला. शेजारी पनवेलचा एक तरुन पास्टर, हातात दुसरा माईक.

गोष्ट नेहमीच्या जागी आली. उधान आलेलं. उघाडी मोकळी.

मी उभी ऱ्हायले. "बाळाराम, उघाडी मोकळी कशी ऱ्हायली?"

पनवेलवाला बोलला, "मावशी, नंतर बोलू या हां. आता प्रार्थनेची वेळ आहे."

"मी चाळीसएक वर्सं नंतर बोलतेय, बाबा."

"आजी, बसा ना," मागनं कुनी पदर ओढला.

बाळारामानं हात वर केला. "बोलू दे तिला."

"फळ्या टाकायचं काम कुनाचं व्हतं?"

माईक त्याच्या तोंडाजवळच व्हता. त्याचा श्वास भोंग्यातनं बाहेर ऱ्हायलेल्या गावाला आयकू जात व्हता. मला वाटलं आता बोट वर करील. मी त्याच्या बोटाकडंच बघत व्हते.

"माझं," तो बोलला.

"तू कुठं व्हतास?"

"हळदीला."

"प्यायलेला कोन व्हता?"

"मी."

"आनि तो?"

"त्याला पित्त व्हायचं," बाळाराम बोलला. "तो कवाच घेत नव्हता."

"तो म्हंजे कोन? एवढी वर्सं भोंग्यावर नाव घेतोस. आता घे."

त्यानं तोंड उघडलं, पन नाव येईना. खरंच येईना. ओठ हलले नुसते. सगळी मानसं माझ्याकडं बघायला लागली. मंग मीच घेतलं.

"हसुराम," मी बोलले. "हसुराम दारू प्यायला नव्हता."

माईक माझ्याकडं नव्हता. पन आयकू गेलं. समोरच्या टपरीवरचा मानूस उठून उभा ऱ्हायलेला मी बघितला.

बाळाराम खुर्चीवर बसला. मंग बोलला, कुनाला बोलला ठाव न्हाय, "त्याचं मरनं गरजेचं नव्हतं. मी चार फळ्या टाकल्या असत्या तर आज म्हातारा झाला असता."

पनवेलवाल्यानं घाईनं गानं चालू केलं. मी चपला शोधल्या नि घरी आले. कुनी इचारलं, "माफ केलंस काय गं?" मी बोलले, मी काय देव हाय? मी पंचनामा दुरुस्त केला.

नातीचं लग्न ठरलं. त्यानं ठरलं का तसंच ठरायचं व्हतं, मला ठाव न्हाय. बाळारामाला मात्र पनवेलवाले परत बोलवायला आले न्हाय. भोंगा उतरवून नेला. शेडला टाळं. तो आता कुनाच्या उंबऱ्यावर बसत न्हाय, भरती सांगत न्हाय. पोरं इचारतात, "पास्टर, आज काय?" तो बघतो नि पुढं जातो. सदऱ्याचं वरचं बटन उघडं असतं.

परवा आवस व्हती. दुपारची मी सरपनाला बांधाकडं गेले. फुटलेल्या बांधाचा जो तुकडा उरलाय, त्याच्यावर ती उघाडी अजून उभी हाय. दगड चांगला. आत पन खाडी, बाहेर पन खाडी. उंदरानं कुरतडल्यासारखा बांध दोन्ही अंगांनी गेलेला.

तिथं बाळाराम व्हता. बांधावर. बूट काढून बाजूला ठेवलेलं, एकाला एक लावून. तो उघाडीत उतरलेला, कमरेपतूर पान्यात. कुठनंतरी चार फळ्या आनल्या व्हत्या, नव्या दिसत व्हत्या. तीन बसवलेल्या. चौथी त्यानं पाठीनं दाबून धरलेली, पाय दगडाला रोवलेलं, डोळं मिटलेलं. भरती चढत व्हती. त्याच्या पुढनं चढत व्हती, त्याच्या मागनं पन चढत व्हती, सारखंच पानी, सारखाच रंग. फळीला जोर काय नव्हताच. लहान पोरानं धरली असती.

मी सरपनाचा भारा डोक्यावर घेऊन जरा येळ उभी ऱ्हायले. भरती संपायला अजून अर्धा तास तरी व्हता.

त्याला कुनीतरी सांगायला पायजे, की आता त्याची गरज न्हाय. मी न्हाय सांगितलं.